दोनशे वर्षांनंतरचा पुजारी

बीड जिल्ह्यात मी दोनदा गेले. पहिल्यांदा कामासाठी, दुसऱ्यांदा बोलणी खायला. तिकडे कधी न गेलेल्या वाचकाला येसराची आमटी, काळी जमीन, कापणीला आलेली ज्वारी असं पुष्कळ सांगण्यासारखं आहे, आणि जमेल तसं सांगणारही आहे. पण हे मी रागानं लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. राग दिग्दर्शकावर आहे, वाहिनीवर आहे आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावर आहे.

मी पुण्यात राहते, दूरदर्शनच्या पडद्यासाठी मालिका लिहिते. दहा वर्षं सासू-सुना लिहिल्यावर मला एक विज्ञानकथेची मालिका मिळाली, तेव्हा मी आनंदानं पेढे वाटले होते. गोष्ट अशी: दोनशे वर्षांनंतरचं जग. पाणी संपलेलं. एका माळावरच्या देवळात हवेतून पाणी काढणारं एक जुनं यंत्र बंद पडून आहे. लोक त्यालाच देव मानतात आणि पुजारी त्याला कुणाला हात लावू देत नाही. मग शहरातून एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी येते, देवळाचं दार फोडते, यंत्र चालू करते. पाणी येतं. पुजारी यंत्रापुढे कोसळतो.

हा पुजारी मी लिहिला. तीन आठवडे लागले असतील. त्याला काळी कफनी दिली, घोगरा आवाज दिला, डोळ्यांत चमक दिली. त्याच्या तोंडी एकही साधं वाक्य नव्हतं.

परळी

फेब्रुवारीत आम्ही आठ-दहा जण परळीला उतरलो. बाकीचे नंतर येणार होते. लॉजवर सकाळी खिडकी उघडली तर चौकटीवर पिठासारखा राखाडी थर. मी बोट फिरवून बघत होते, तेवढ्यात चहा घेऊन आलेले लॉजचे मालक म्हणाले, "वीज केंद्राची राख हाय ताई. रोजचंच. तुमी खिडकी लावूनच ठिवा." आमचा दिग्दर्शक निनाद मात्र त्या थरावर खूश. "बघ, फुकटात भविष्यकाळ मिळाला," म्हणाला आणि फोनवर फोटो काढत बसला. लॉजचे मालक त्याच्याकडे बघत राहिले. आपल्या घरातल्या कचऱ्याचा पाहुण्यानं फोटो काढला की माणूस बघेल, तसे.

बीडच का निवडलं, हे सांगायला हवं, कारण ते लाजिरवाणं आहे. वाहिनीच्या बैठकीत पहिला प्रश्न आला होता, "पुजारी कुठल्या धर्माचा वाटेल?" मोठ्या देवस्थानाचा वाटला तर मोर्चा येईल. अमक्यांचा वाटला तर खटला होईल. तमक्यांचा वाटला तर जाहिराती जातील. तासभर आम्ही एकेक देव खोडत गेलो. शेवटी निनाद म्हणाला, "मेंढपाळांचा देव घेऊ. रांगडं दिसतं आणि कुणी भांडायला येत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ज्या देवाच्या मागे ना पक्ष, ना वकील, ना फोनवर शिव्या लिहिणारी फौज, असा देव शोधत आम्ही मराठवाड्यात आलो होतो. धर्माची चिकित्सा करतो म्हणून आम्ही छाती फुगवून फिरत होतो, आणि चिकित्सेला निवडला होता तो गावातला सगळ्यात अशक्त माणूस.

मी स्वतः देव मानत नाही. बुवाबाजीवर तुटून पडायला माझी कधीच ना नाही. ती मी जवळून पाहिली आहे, पुण्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये, एसी लावून. पण त्या हॉलमधला बुवा आमच्या मालिकेत यायचा नव्हता. त्याची बायको वाहिनीतल्या कुणाची तरी मैत्रीण होती.

माळ

देऊळ घाटनांदूरच्या अलीकडे एका माळावर. गावाचं नाव लिहीत नाही, गावानंच तसं सांगितलं आहे. चार दगडी पायऱ्या, पत्र्याची ओसरी, आत शेंदूर लावलेला बिरोबा. मागे काही पावलांवर दगडाची जुनी खदान, आता तिच्यात बाभळी उगवलेल्या.

पुजारी होते मल्हारी आबा. सत्तरीचे, उन्हानं रापलेले, खांद्यावर घोंगडं. आम्ही गेलो तेव्हा ते देवळात नव्हतेच. खाली वावरात एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मेंढी दोन गुडघ्यांत दाबून धरलेली, दातांत कसली तरी काडी. आम्ही उभे राहिलो तसे म्हणाले, "बसा. हिचं झालं की देवाचं बगू."

त्यांची सून अनुसया आम्हाला घरी घेऊन गेली. अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.ए. झालेली, तिशीची, बोलण्यात चटपटीत. तिच्या चुलीपुढे बसून मी पहिल्यांदा येसराची आमटी खाल्ली. धान्य आणि मसाला भाजून, दळून करून ठेवलेलं ते तपकिरी पीठ उकळत्या पाण्यात पडलं की घरभर जो वास सुटतो, तो मला अजून आठवतो. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो, हे ऐकून ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "गूळ? मंग जेवण झाल्यावर काय खाता, मिरची?"

आबा जेवायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या गोष्टीत पुजारी हाय म्हणं. कसा हाय?"

मी सांगितलं. कफनी, घोगरा आवाज, यंत्र. ते भाकरी कुस्करत ऐकत होते.

"त्याची मेंढरं कोण राखतं?"

"मेंढरं नाहीत त्याच्याकडे."

"मंग खातो काय?"

"लोक देतात," मी म्हणाले.

"पाणी न्हाई, पीक न्हाई, अन् लोक ह्याला बसून खायला देत्यात?" आबा अनुसयाकडे बघून म्हणाले, "लई दयाळू लोक हायेत गं दोनशे वर्सांनंतर."

अनुसया फिस्सकन हसली. मीही हसले, पण माझ्यावरच. भविष्यकाळाच्या गोष्टी मी लहानपणापासून पडद्यावर बघत आले. त्यातला धर्माचा माणूस एक तर लबाड असतो, नाही तर वेडा, नाही तर कोड्यात बोलणारा आंधळा म्हातारा. उरलेले भक्त म्हणजे मशाली घेऊन धावणारा जमाव. याला घर नसतं, सून नसते, गुडघे दुखत नाहीत. याचं एकच काम, नायिकेच्या वाटेत उभं राहायचं आणि वेळ आली की कोसळायचं. याने आकाशयानं बघितली, बोलणारी यंत्रं बघितली, पण याच्या डोक्यात एकही नवा विचार घालायचे कष्ट लिहिणाऱ्याने घेतले नाहीत. आणि लिहिणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी निनादने आबांना विचारलं, "अंगात येतं ते जरा करून दाखवाल का कॅमेऱ्यापुढे?"

आबा शांतपणे म्हणाले, "ते काय नळ हाय का, सोडायला?"

"नुसतं थरथरायचं हो."

"मला थरथरता येत न्हाई. तुमी माणूस आनलाय न्हवं नाटकाचा? त्याला सांगा."

निनाद माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "भाव खातोय."

खदान

चौथ्या दिवशी सकाळी माळाचं वरून चित्रण करायचं होतं. अनुसयाने बजावलं होतं, "मेंढरं माळावर असली की ते उडतं यंत्र सोडू नका. बुजत्यात." ड्रोन चालवणाऱ्याने मान हलवली होती. पण प्रकाश छान होता आणि खाली पसरलेला कळप सुंदर दिसत होता. निनाद म्हणाला, "अजून खाली घे. अजून."

ड्रोनचा तो घोंघावणारा आवाज कळपाच्या डोक्यावर आला आणि साठ मेंढरं एकदम उधळली. आबा हातातली काठी आडवी धरून, कसलासा आवाज काढत पळत आले. बहुतेक कळप वळला. एक मेंढी वळली नाही. ती सरळ खदानीच्या काठावरून खाली गेली.

ती देवाला सोडलेली मेंढी होती. म्हणजे तिची लोकर कापायची नाही, तिला विकायची नाही, कापायची नाही, ती आपल्या मरणानं मरेपर्यंत जपायची. आबांच्या थोरल्या मुलाच्या, अनुसयाच्या नवऱ्याच्या, मोठ्या आजारपणात त्यांनी ती बिरोबाला नवस म्हणून बोलली होती. मुलगा वाचला. मेंढी पडली त्या दिवशी तो बाजाराला गेला होता.

आबा बाभळींना धरत खदानीत उतरले. आम्ही काठावर उभे. मेंढीची मान वाकडी झाली होती, पाय झाडत होती. आबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती थंड होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग तिला खाली ठेवलं, देवळाच्या दिशेला वळले, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. पाठ गदगदत होती. "चुकलो," एवढंच ऐकू आलं. "राखीन म्हणलो, अन् न्हाई राखलं. चुकलो."

मी मागे वळून बघितलं. आमचा कॅमेरा चालू होता.

दुपारी निनादने मला मॉनिटरसमोर बोलावलं. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ. कुठला नट देईल हे? इथे मेंढी पुसायची, यंत्र बसवायचं. पुजारी यंत्राला शरण येतो. शेवटचा शॉट मिळाला."

मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. आसपासची माणसं केबली गुंडाळायची थांबली. निनाद म्हणाला, "भावनाविवश होऊ नकोस. त्याने सही केली आहे. आणि चेहरा दिसतच नाही, पाठ आहे फक्त."

मी तडक आबांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. अनुसया ऐकता ऐकता उभी राहिली. आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं. "चला, बगू."

देवळाच्या ओसरीत मॉनिटरपुढे आबा उभे राहिले. त्यांनी स्वतःला रडताना बघितलं. शेवटपर्यंत बघितलं.

"हे पुसा," ते म्हणाले.

"आबा, ही नुसती पाठ आहे," निनाद म्हणाला. "तुम्ही आहात हे कुणाला कळणार?"

"पाठ माझीच हाय न्हवं?"

निनादने सहीचा कागद पुढे केला. इंग्रजीत होता. अनुसयाने तो हातात घेतला, बोट ठेवत वाचला आणि म्हणाली, "हितं देवळाचं आवार वापरायचं लिवलंय. सासऱ्याच्या रडण्याचं कुठं लिवलंय ते दाखवा."

निनादने कागद घडी करून खिशात घातला. तोवर गावातली पाच-सहा माणसं पायऱ्यांपाशी जमली होती. आमचं दोन दिवसांचं काम बाकी होतं आणि आवार त्यांचं होतं. निनादने कॅमेऱ्यातला तो भाग आमच्यासमोर पुसला.

आबांनी मला विचारलं, "ताई, गेलं का?"

"गेलं, आबा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि जमलेल्या लोकांकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "पुसलं त्यांनी. जावा आता घरी. त्यांचं काम करू द्या त्यांना."

आता लिहायला सर्वांत जड जाणारं वाक्य लिहिते. मला माहीत होतं. दहा वर्षं या धंद्यात आहे. दुपारपर्यंत झालेल्या चित्रणाची प्रत जेवणाच्या सुट्टीत दुसरीकडे उतरवून ठेवतात, रोज, न चुकता. कॅमेऱ्यातलं पुसलं म्हणजे काहीच पुसलं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी विचारलं नाही. माझी मघाची ओरड पुरे झाली, मी भलेपणाचा माझा वाटा उचलला, असं मला वाटलं होतं. मला घरी जायचं होतं.

परतताना मी निनादला म्हणाले, पुजारी पुन्हा लिहिते, त्याला सून देते, मेंढरं देते. तो म्हणाला, "पुजाऱ्याला सून? प्रेक्षक गोंधळून जाईल." परळी स्टेशनावर आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसलो. पुढे मी ती मालिका सोडली. मालिकेवरचं माझं नाव मात्र राहू दिलं.

बीड, आणि पुन्हा माळ

पावसाळा सरता सरता मालिकेची झलक आली. त्याच दिवशी अनुसयाचा फोन आला. हॅलो नाही, कशा आहात नाही.

"ताई, टीव्हीत आबा हायेत."

मी लावून बघितलं. यंत्र. निळा प्रकाश. त्यापुढे गुडघे टेकलेली, गदगदणारी पाठ. घोंगड्याचा रंग काळा केला होता. वर एक भारदस्त आवाज म्हणत होता की श्रद्धा हरली, बुद्धी जिंकली.

"सगळ्या गावानं वळखलं," अनुसया म्हणाली. "पोरं आबाला बघून हात जोडत्यात अन् हसत्यात."

"आबा काय म्हणतात?"

"राग आलाय त्यानला. म्हणले, फोनवर राग काढायची रीत न्हाई. तिला म्हनावं, ये हिकडं."

मी बीडला गेले. बसस्थानकावर अनुसया उभी होती. तिने आधीच एक वकीलबाई शोधून ठेवली होती, तिच्या कॉलेजातली मैत्रीण. कोचिंग क्लासच्या पाट्यांनी झाकलेल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, मी शपथपत्रावर सगळं लिहून दिलं: ड्रोन, खदान, कॅमेरा, इंग्रजी कागद, पुसण्याचं नाटक. वाहिनीला नोटीस गेली. निनादचा मला फोन आला, "तुझं करिअर संपवते आहेस." मी म्हणाले, "संपू दे." तीन दिवसांत झलक बदलली. तो तुकडा सगळीकडून निघाला. दिलगिरीचा एक शब्द नाही, की चूक झाली असं कबूल केलेलं नाही. देवळाबाहेर काढलेल्या चपला जागेवर नसाव्यात, तसा तो शॉट नाहीसा झाला. विचारायचं कुणाला?

तरीही जिंकल्यासारखं वाटत होतं. त्याच भरात मी अनुसयाबरोबर माळावर गेले. आबा पायरीवर बसले होते. मी वाकले, ते पाय मागे घेऊन बसले.

"आबा, टीव्हीवरून काढलं त्यांनी. सगळं काढलं."

"टीव्हीतनं काढलं. गावातनं कोण काढणार?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मेंढी गेली, ती माझ्या हातनं गेली, त्याचं मी देवाशी बगून घेईन. पर तुमी म्हणला, पुसलं, डोळ्यानं बगितलं. तुमच्या शब्दावर मी गावाला सांगितलं. ह्याच पायरीवरनं. चाळीस वर्सं मी हितं बसतो. कुणाचं लगीन ठरतं, कुणाची भांडनं मिटत्यात, कावून? तर आबा खोटं बोलत न्हाई म्हणून. बाकी हाय काय माज्याकडं?"

मी खालच्या पायरीवर बसले.

"तुमच्या गोष्टीतला पुजारी खोटा होता न्हवं? लोकानला फसवणारा?" आबा माझ्याकडे बघत म्हणाले. "बगा आता. केलात मला तसाच."

दोन्ही वेळच्या मुक्कामात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं. त्यांनी मला आणखीही सुनावलं. अनुसया शेजारी उभी होती, ती मध्ये पडली नाही. पडायचं कारणही नव्हतं. मी क्षमा मागितली तर ते म्हणाले, "मला कावून सांगता? मला ठाऊक हाय. ज्यानला ठाऊक न्हाई त्यानला सांगा."

रविवारी माळावर आरतीला लोक जमतात. चाळीसेक माणसं असतील, बायका ओसरीत, पुरुष कडुलिंबाखाली. आरती झाली तसे आबा म्हणाले, "थांबा जरा. पुण्याच्या ताईनला बोलायचंय."

मी पायरीवर उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहिली, पण तेव्हा एक वाक्य जुळेना. समोरची पोरं एकमेकांना कोपरं मारत होती.

"फेब्रुवारीत आबांनी तुम्हाला सांगितलं, की यांनी चित्र पुसलं," मी म्हणाले. "आबांना तसं मी सांगितलं होतं. पुसलेलं नव्हतं. दुसरीकडे त्याची प्रत असते, हे मला माहीत होतं. मी ते लपवलं. आबा खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोलले. आणि त्या मालिकेतला पुजारी, तोही मीच लिहिला."

ओसरीतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "दिसायला तर बरी हाय." कोपरं मारणारी पोरं खाली बघत होती.

आबा उठले. "ऐकलं का सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं, आबा," लिंबाखालून दोघं-तिघं म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि मेंढरांकडे निघून गेले.